वापरलेल्या मोटारीतील थंड इंजिनाचा आवाज व क्लच घसरणे

थंड इंजिनाचा आवाज आणि गतिप्रेषण यंत्रणेची घसरण हे वापरलेल्या मोटारीतील दोन महत्त्वाचे दोषसंकेत होत. पहिला संकेत रात्रभर उभी असलेली मोटार सुरू केल्यावर आरंभीच्या काही सेकंदांत किंवा मिनिटांत ऐकू येतो. दुसऱ्यात इंजिनाचे फेरे वाढतात, परंतु त्या प्रमाणात मोटारीचा वेग वाढत नाही. दोन्ही दोषांची दुरुस्ती खर्चिक असते आणि अल्पकाळाच्या पाहणीत दोन्ही सहज निसटतात. कारण पहिला मुख्यतः इंजिन थंड असताना, तर दुसरा बहुधा यंत्रणा तापून तिच्यावर भार आल्यावर प्रकट होतो. म्हणून जुन्या मोटारीची परीक्षा थंड अवस्थेपासून पूर्ण तापेपर्यंत सलग करणे आवश्यक ठरते.

स्थानिक परिस्थिती

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील वाहनांची नोंदणी एमएच-२५ या क्रमांकाखाली होते. जिल्ह्याचे हवामान उष्ण व कोरडे असून उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या घरात जाते. अशा दिवसांत रात्रभर उभे असलेले इंजिनही फारसे गार होत नाही, वंगण तेल पातळ राहते आणि थंड इंजिनाचे आवाज दबतात. उलट डिसेंबर-जानेवारीतील पहाटे तेच आवाज स्पष्ट ऐकू येतात. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत शांत वाटलेले इंजिन हिवाळ्यातही तसेच राहील, असे गृहीत धरता येत नाही. घसरणीच्या परीक्षेसाठी चढाचा रस्ता उपयोगी पडतो. बालाघाट डोंगररांगेत वसलेल्या तुळजापूरला सोलापूरकडून येताना लागणारा घाट हे अशा रस्त्याचे जवळचे उदाहरण होय.

थंड अवस्थेत आवाज होण्याची कारणे

इंजिन बंद असताना वंगण तेल वरच्या भागांतून खालच्या टाकीत उतरते. मोटार सुरू झाल्यावर तेलपंपाने ते पुन्हा झडपांपर्यंत पोहोचवेपर्यंत थोडा अवकाश जातो आणि तेवढ्या वेळात धातूचे भाग पुरेशा वंगणाविना एकमेकांवर आपटतात. थंड तेल दाट असल्याने हा अवकाश वाढतो. दुसरे कारण प्रसरणाचे आहे. ॲल्युमिनियमचा दट्ट्या बिडाच्या सिलिंडरपेक्षा अधिक प्रसरण पावतो. म्हणून थंड असताना दोहोंमधील फट मोठी असते आणि तापल्यावर ती कमी होते. डिझेल इंजिनात याखेरीज थंड हवेमुळे इंधन पेटण्यास किंचित विलंब लागतो व नंतर ते एकदम पेटते. त्यामुळे थंड डिझेल इंजिनाचा काही प्रमाणातील खडखडाट स्वाभाविक मानला जातो.

आवाजांचे प्रकार

टॅपेटचा आवाज : हा हलका, जलद ‘टिकटिक’ असा असून इंजिनाच्या वरच्या भागातून येतो. तेल कमी असणे, तेल बदलण्यास उशीर होणे किंवा टॅपेटची फट बिघडणे ही त्याची कारणे होत. काही सेकंदांत तो थांबत असेल, तर दोष सहसा गंभीर नसतो.

दट्ट्याचा आवाज : हा बोथट ‘टकटक’ असा असतो व इंजिन तापत जाईल तसा कमी होतो. तो झीज दर्शवतो, मात्र असे इंजिन बराच काळ चालू शकते.

टायमिंग चेनचा आवाज : सुरू होताच साखळी खडखडल्यासारखा हा आवाज येतो. चेन लांबणे किंवा तिला ताण देणारा टेन्शनर निकामी होणे, ही त्याची मुख्य कारणे होत. चेन दात सोडून सरकल्यास अनेक इंजिनांत झडपा दट्ट्यांवर आदळून मोठी हानी होते.

बेअरिंगचा आवाज : क्रँकशाफ्टच्या बेअरिंगची झीज झाल्यास इंजिनाच्या खालच्या भागातून खोल, जड ठोके ऐकू येतात. तापल्यावर तेल पातळ झाले की ते बहुधा वाढतात. हा सर्वांत गंभीर प्रकार असून अशी मोटार चालवत राहणे धोक्याचे असते.

एक्झॉस्टची गळती : हा आवाज टॅपेटसारखाच भासतो, परंतु ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढतो आणि धातू प्रसरण पावून फट बुजल्यावर नाहीसा होतो. जोडाजवळ काजळीचे डाग आढळतात.

आवाज तापल्यावर कमी होतो की वाढतो, हा निदानातील पहिला प्रश्न असतो. कमी होणारे सर्वच आवाज निर्धोक नसतात, कारण टायमिंग चेनचा आवाजही काही सेकंदांत थांबू शकतो. वाढणारा आवाज मात्र नेहमीच गांभीर्याने घ्यावा लागतो.

उदाहरण : १.३ मल्टिजेट इंजिन

फियाटने विकसित केलेले १,२४८ घनसेंटिमीटर क्षमतेचे हे डिझेल इंजिन भारतात मारुती स्विफ्ट व डिझायर, टाटा इंडिका व्हिस्टा, फियाट पुंटो इत्यादी मोटारींत वापरले गेले. त्याचे उत्पादन पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथेही होत असे. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ निकष लागू झाल्यावर ते नव्या मोटारींतून गेले, परंतु जुन्या मोटारींच्या बाजारात ते अजूनही आढळते. या इंजिनात पट्ट्याऐवजी टायमिंग चेन असल्याने ठरावीक अंतराने पट्टा बदलण्याचा खर्च नसतो. मात्र तेल वेळेवर न बदलल्यास चेन व टेन्शनरची झीज होते. त्यामुळे अशा मोटारीत थंड सुरुवातीचा खडखडाट आणि तेल बदलल्याच्या नोंदी एकत्र तपासणे महत्त्वाचे ठरते.

गतिप्रेषणाची घसरण

हाताने गिअर बदलण्याच्या मोटारीत घसरण बहुधा क्लचची असते. क्लच प्लेटचे अस्तर झिजणे, प्रेशर प्लेटची स्प्रिंग अशक्त होणे, क्रँकशाफ्टच्या मागील सीलमधून तेल गळून अस्तरावर येणे, ही तिची प्रमुख कारणे होत. घाटात ‘हाफ क्लच’वर मोटार रोखून धरण्याच्या सवयीने झीज लवकर होते. जळकट वास, चढावर मोटार न उचलणे आणि पेडल अगदी वर आल्यावर क्लच पकडणे ही तिची लक्षणे आहेत. क्लच दाबल्यावर सुरू होणारा घरघर आवाज रिलीज बेअरिंगचा, तर दाबल्यावर थांबणारा आवाज बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा असतो.

एएमटी प्रकारात नेहमीचाच क्लच यंत्राद्वारे चालवला जातो, म्हणून त्याचीही झीज होते. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तेल कमी किंवा जुने असणे व आतील सील कडक होणे यांमुळे घसरण होते. येथे वरील नियमाला अपवाद आढळतो, कारण सील कडक झाले असल्यास थंड असतानाच गिअर उशिरा पकडतो. तेलाचा काळपट रंग व जळका वास हे आतील झिजेचे लक्षण होय. सीव्हीटी प्रकारात फेरे आधी व वेग नंतर वाढणे हे काही अंशी स्वाभाविक असते, परंतु हिसके बसणे हा दोष होय.

परीक्षेचा क्रम

१. मोटार किमान सहा-सात तास बंद असावी. बॉनेट उघडून इंजिनाला स्पर्श करून ते गार असल्याची खात्री करावी. स्कॅनर उपलब्ध असल्यास शीतक द्रवाचे तापमान बाहेरच्या हवेइतके असावे. विक्रेत्याने मोटार आधीच तापवून ठेवली असल्यास परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी करावी.

२. सुरू करण्यापूर्वी डिपस्टिकवर तेलाची पातळी पाहावी. फार दाट तेल घालून आवाज दडपलेला असू शकतो.

३. मोटार सुरू होताना बॉनेट उघडे ठेवून एकाने बाहेर उभे राहून ऐकावे. तेलदाबाचा दिवा काही क्षणांत विझला पाहिजे.

४. इंजिन तापल्यावर मोकळ्या, सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. फेरे एकदम चढून वेग मागे राहिल्यास क्लच घसरत आहे. हीच परीक्षा चढावर अधिक निर्णायक ठरते.

५. सपाट जागी हँडब्रेक व पायाचा ब्रेक लावून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सावकाश सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच पकडत आहे. ही कृती पुन्हा पुन्हा केल्यास क्लच तापतो. स्वयंचलित मोटारीवर ती करू नये.

६. ओबीडी-२ यंत्रणा असलेल्या मोटारीत स्कॅनरने दोषसंकेतांक वाचावेत. संकेतांक नुकतेच पुसले असल्यास यंत्रणेच्या स्वयंचाचण्या अपूर्ण दिसतात.

कागदपत्रांची मर्यादा

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते व नंतर ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. मालकीबदलासाठी नमुना २९ व ३० सादर करावे लागतात. या कागदपत्रांतून मालकी सिद्ध होते, टायमिंग चेनची किंवा क्लचची स्थिती नाही. व्यवहार झाल्यावर हा खर्च बहुधा खरेदीदारावरच येतो. म्हणून विसार देण्यापूर्वी विश्वासू मेस्त्रीकडून दोन्ही अवस्थांतील परीक्षा करून घेणे आणि आढळलेल्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करणे किंवा मोटार नाकारणे, हे पर्याय खरेदीदारासमोर असतात.

हे सुद्धा पहा

अंतर्ज्वलन इंजिन
क्लच
वंगण