स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी निवासी केंद्र निवडताना आधी विचारा: रात्री मराठी कोणाला समजतं?

बेळगावच्या बाजारात चाळीस वर्षं कन्नडमध्ये भाव केलेली आजी हळूहळू कन्नड विसरू लागते. हैदराबादेत तेलुगू-उर्दूत नोकरी केलेले आजोबा आता प्रत्येकाला मराठीतच उत्तर देतात. स्मृतिभ्रंशात, म्हणजेच डिमेन्शियात, असं पुष्कळदा दिसतं. नंतर शिकलेली भाषा आधी निसटते, लहानपणची भाषा जास्त काळ टिकते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना, हा आजार आहे. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात ६४८ रुग्णांचा अभ्यास झाला होता. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये या आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, असं त्यात २०१३ मध्ये मांडलं गेलं. पण उशिरा आला तरी आजार येतोच, आणि मग भाषेचा प्रश्न उभा राहतो.

वृद्धाश्रम वेगळा, हे केंद्र वेगळं

स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच अनेक वृद्धाश्रम घेतात. स्मृतिभ्रंशासाठीच्या निवासी केंद्रात चोवीस तास माणूस लागतो. रुग्ण एकटा बाहेर पडून हरवू नये अशी व्यवस्था, फिरायला सुरक्षित जागा आणि रोज ठरलेल्या वेळी जेवण, अंघोळ, झोप हवी. इथे आजार बरा होत नाही. रुग्णाची भीती कमी व्हावी आणि त्याचा मान राखला जावा, हा हेतू असतो.

भाषा कळली नाही तर

संध्याकाळ झाली की अनेक रुग्ण अस्वस्थ होतात, 'मला घरी जायचंय' म्हणत दाराशी जातात. 'पोटात दुखतंय', 'तहान लागलीय' हे सेविकेला कळलंच नाही, तर रुग्ण ओरडतो आणि 'त्रासदायक' ठरतो. मग दुखण्यावर इलाज होण्याऐवजी झोपेची गोळी दिली जाण्याचा धोका असतो. स्मरणशक्तीची चाचणी परक्या भाषेत घेतली, तर आजार आहे त्याहून गंभीर वाटू शकतो.

दाखल करण्याआधी हे विचारा

- दिवसा आणि रात्री मराठी समजणारं कोण असतं?
- एका सेविकेकडे किती रुग्ण?
- रुग्णाला बांधून ठेवतात का? झोपेची औषधं कोणाच्या सल्ल्याने, कुटुंबाला कळवून देतात का?
- न सांगता भेटायला आलं तर चालतं का?
- आजार वाढल्यावर रुग्णाला ठेवतील, की परत पाठवतील?

केंद्र एकदा संध्याकाळी सहाच्या सुमारास बघून यावं. सकाळी सगळीच केंद्रं शांत असतात.

खर्च आणि कायदा

आरोग्य विमा साधारणपणे रुग्णालयातल्या उपचारांचे पैसे देतो, केंद्रात राहण्याचे नाही. हा खर्च कित्येक वर्षं चालू शकतो, हे भावंडांनी आधीच बोलून घेतलेलं बरं. चांगल्या केंद्रात ठेवणं म्हणजे आईवडिलांना टाकणं नव्हे. मात्र दाखल करून पाठ फिरवू नये. सांभाळण्याची जबाबदारी असताना ज्येष्ठांना वाऱ्यावर सोडणं हा २००७ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. अडचणीत ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ उपयोगी पडते.

मराठी सेविका मिळालीच नाही, तर घरच्यांनी एक वही करावी. पाणी, दुखणं, भूक, शौच यांसाठी आई नेमके कोणते शब्द वापरते, ते स्थानिक लिपीत अर्थासह लिहून द्यावेत. नातवंडांची नावं, आवडती भाजी, रोजची आरती आणि 'घर' म्हणजे तिच्या मनातलं कुठलं गाव, हेही त्यात असावं.