खर्जाची किंमत

काळी एकच्या पट्टींत लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सेकंदास सुमारें ७० वेळां कंप पावते. पियानोची अगदीं डावीकडची पट्टी दाबली तर २७.५ कंपनें होतात, आणि मोठ्या ऑर्गनची ३२ फुटी नळी सेकंदास अवघीं १६ कंपनें करते. तो नाद कानाला ऐकूं येण्यापेक्षां अंगाला अधिक जाणवतो. संगीताची ही खालची बाजू घरांतील लाउडस्पीकरमधून काढणें हें सोपें काम नव्हे. केवळ त्या कामासाठीं सबवूफर नांवाची स्वतंत्र पेटी आज दुकानांत मिळते. तिच्या जाहिरातींत पेटी लहान, खर्ज खोल आणि थोड्या विजेंत भरपूर आवाज, असे तीन गुण एका ओळींत छापलेले असतात. यांपैकीं कोणतेही दोन एकत्र मिळूं शकतात. तिन्ही एका वेळीं मिळत नाहींत, आणि त्यांत कारखानदाराच्या कौशल्याचा दोष नाहीं.

चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं १९२५ सालीं अमेरिकेंत जी रचना प्रसिद्ध केली, तीच मुख्यतः आजही चालूं आहे. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें वेटोळें असतें, त्याला शंकूच्या आकाराचा पडदा जोडलेला असतो, आणि विजेच्या प्रवाहाबरोबर तो पडदा पुढेंमागें होऊन हवा ढकलतो. आवाज किती होणार हें पडदा किती दूर गेला यावर ठरत नाहीं. तो आपला वेग किती झपाट्यानें बदलतो यावर ठरतें. पडदा सावकाश हलला कीं हवा नुसती बाजूस सरते. म्हणून कंपनसंख्या निम्मी झाली, तर तितकाच आवाज काढण्यास पडद्याला चौपट अंतर जावें लागतें. ८० कंपनांना जेथें एक मिलिमीटर पुरतो, तेथें ४० कंपनांना चार आणि २० कंपनांना सोळा मिलिमीटर लागतात. त्यांत मनुष्याचा कानही या प्रदेशांत मंद आहे. सेकंदास १००० कंपनांचा जो सूर जेमतेम ऐकूं येतो, त्याच्यापेक्षां २० कंपनांचा सूर सुमारें ७५ डेसिबलांनीं मोठा असेल तेव्हां कोठें तो ऐकूं येऊं लागतो. म्हणजे हवेच्या दाबाचा हेलकावा कांहीं हजार पट मोठा करावा लागतो.

पडदा पुढें जातो तेव्हां त्याच्या मागें हवा विरळ होते. मागची ही उलटी लाट पुढच्या लाटेला मिळाली कीं खर्ज नाहींसा होतो, आणि म्हणूनच पडदा पेटींत बसवावा लागतो. पेटी बंद केली कीं मात्र नवीच अडचण उभी राहते. सायकलच्या पंपाचें तोंड बोटानें दाबून दांडा लोटला असतां तो स्प्रिंगसारखा परत येतो. कोंडलेल्या हवेचा हाच गुण पेटींतही प्रकट होतो. पेटी जितकी लहान, तितकी ही हवेची स्प्रिंग ताठ. स्प्रिंग आणि पडद्याचें वजन मिळून एक स्वाभाविक कंपनसंख्या ठरते, आणि तिच्या खालीं आवाज झपाट्यानें उतरत जातो. ती खालीं आणावयाची, तर स्प्रिंग मऊ केली पाहिजे, म्हणजे पेटी मोठी केली पाहिजे. नाहींतर पडदा जड केला पाहिजे. तानपुऱ्याला जोडीच्या तारा बारीक पोलादी असतात आणि खर्जाची तार जाड पितळी असते, तें याच कारणानें.

परंतु जड पडदा हलवावयास जोर लागतो. स्वाभाविक कंपनसंख्या निम्मी करण्यास वजन चौपट करावें लागतें. तेवढ्याच जोरानें चौपट वजनाचा पडदा लोटला, तर त्याचा वेग चौथ्या हिश्श्यानें बदलतो, आणि ध्वनीची शक्ति या हिश्श्याच्या वर्गानें, म्हणजे सोळाव्या हिश्श्यावर येते. असा जड पडदा आवरून धरण्यास लोहचुंबकही अधिक बलवान घ्यावा लागतो, आणि त्यायोगें निम्मी तूट भरून निघते. शेवटीं हिशेब आठव्या हिश्श्यावर थांबतो. खर्ज एका सप्तकानें खालीं न्यावयाचा, तर पेटी आठपट करावी किंवा वीज आठपट घालावी. दोन घनफुटांची बंद पेटी ४० कंपनांपर्यंत उतरविली, तर उत्तम रचनेंतही विजेचा शंभरांत एक भागसुद्धां ध्वनि होत नाहीं. २० पर्यंत उतरविली, तर हजारांत एक भागही होत नाहीं. बाकी सारी वीज वेटोळें तापविण्यांत जाते. वीज न वाढवितां हें टाळावयाचें, तर सोळा घनफुटांची पेटी हवी. म्हणजे दिवाणखान्यांत एक कपाटच आणून ठेवल्यासारखें झालें.

या नियमाला होफमनचा लोखंडी नियम म्हणतात. जे. अँटन होफमन हे प्रख्यात पियानोवादक जोसेफ होफमन यांचे पुत्र. १९५७ मध्यें अमेरिकेंत निघालेल्या के. एल. एच. या कंपनीच्या नांवांतील शेवटचें अक्षर त्यांचेंच.

व्हॉल्व्हच्या काळांत वीज महाग होती. घरांतील अँप्लिफायर दहापंधरा वॅटचा असे, आणि त्यामुळें पेटीचा आकार सोसणें हाच मार्ग होता. पॉल क्लिप्श यांनीं १९४० नंतरच्या दशकांत बनविलेला कर्णा या विचाराचा उत्तम नमुना होय. त्यांनीं दुमडलेला कर्णा खोलीच्या कोपऱ्यांत बसविला आणि घराच्या दोन भिंतींनाच त्याचें तोंड बनविलें. दोनचार वॅटांत तो घर दणाणून टाकी. मात्र त्यासाठीं एक मोकळा कोपरा कायमचा द्यावा लागे. १९५४ सालीं एडगर व्हिल्चर यांनीं अगदीं उलट बाजू घेतली. त्यांनीं पेटींतील हवेलाच मुख्य स्प्रिंग मानलें आणि पडदा सैल टांगला. पहिल्या नमुन्यांतील पडद्याच्या कडेला तर गादीच्या खोळीचें कापड वापरलें होतें. फळीवर मावणाऱ्या पेटींतून तेव्हां लोकांनीं असा स्वच्छ खर्ज प्रथमच ऐकला. त्याची किंमत कार्यक्षमतेंत मोजावी लागली, आणि अँप्लिफायर स्वस्त होत गेले म्हणूनच ही किंमत लोकांना परवडली.

पेटीला भोंक ठेवून मागच्या लाटेचाही उपयोग करण्याची युक्ति आल्बर्ट थुरास यांच्या १९३२ च्या पेटंटांत आहे. ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील यांनीं १९६१ मध्यें आणि पुढें रिचर्ड स्मॉल यांनीं अशा पेट्यांचें गणित मांडलें. तेव्हां असें दिसून आलें कीं भोंकामुळें कार्यक्षमता फार तर दुपटीनें वाढते, आणि ठराविक मर्यादेखालीं आवाज बंद पेटीहून दुप्पट वेगानें कोसळतो. लोखंडी नियम थोडा वांकला, मोडला नाहीं.

आज शेंकडों वॅटचा अँप्लिफायर पेटींतच बसविला जातो आणि उतरता खर्ज विजेच्या जोरानें उचलून धरला जातो. मात्र वेटोळें तापलें कीं त्याचा विरोध वाढतो आणि आवाज दबूं लागतो. पडद्याची धांवही अखेर मर्यादितच असते. विसर्जनाच्या मिरवणुकींत लाउडस्पीकरांच्या भिंती उभ्या राहतात, तेथें निवड वेगळी झालेली असते. मोकळ्या रस्त्यावर मोठा आवाज हवा असतो, म्हणून सर्वांत खालचें सप्तक सोडून देऊन कार्यक्षमता राखलेली असते. छाती धडधडते ती बहुधा ४० ते १०० कंपनांच्या पट्ट्यांतील आवाजानें.

ज्या घरांत ख्याल, नाट्यगीत आणि बातम्या ऐकल्या जातात, तेथें सोडण्यासारखी गोष्ट कोणती हें ठरविणें त्या मानानें सोपें आहे. तानपुऱ्याचा खर्ज ७० वर थांबतो. ४० पर्यंत स्वच्छ उतरणारी मध्यम पेटी त्या घराला पुरून उरते, आणि २० पर्यंतच्या खर्जासाठीं मोजलेले पैसे मुख्यतः चित्रपटांतील भूकंपासाठीं खर्चीं पडतात. शिवाय बंद खोलीच्या भिंती खर्जाला आपोआप थोडें बळ देतात. पेटी कोपऱ्यांत सरकविली तर तें आणखी वाढतें. तें शेजाऱ्याच्या भिंतींतूनही तितक्याच सहज पलीकडे जातें, कारण २० कंपनांची लाट सतरा मीटर लांब असते आणि विटांची नऊ इंची भिंत तिला फारशी अडवीत नाहीं.