शालेय पोषण आहार आणि अन्नाची ॲलर्जी

अन्नाची ॲलर्जी (अधिहर्षता) म्हणजे अन्नातील एखाद्या प्रथिनाला शरीराच्या प्रतिकारसंस्थेने दिलेली अपायकारक प्रतिक्रिया होय. वरकुटे (ता. इंदापूर, जि. पुणे) यांसारख्या गावांत शाळा, अंगणवाडी वा शिबिरातील मुलांचे जेवण सहसा एकत्रच शिजते, त्यामुळे अशा मुलाचे ताट वेगळे राखणे अवघड जाते.

महाराष्ट्रात शालेय पोषण आहार १९९५-९६ मध्ये सुरू झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय झाला, तर अंडी न खाणाऱ्यांसाठी केळ्यासारखे फळ ठेवण्यात आले. हा पर्याय मुख्यतः शाकाहारी मुलांसाठी होता. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनाही तो उपयोगी ठरत होता. शेंगदाण्याला मात्र असा पर्याय नाही. भाजीत किंवा चटणीत मिसळलेले दाण्याचे कूट ओळखू येत नाही. वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घेण्याचा नियमही येथे निरुपयोगी, कारण इतरांना ते अन्न निर्दोषच असते. वेष्टनावर ॲलर्जीकारक घटक नमूद करणे २०२० च्या विनियमांनुसार बंधनकारक आहे. सुट्या चिक्कीवर वेष्टनच नसते. म्हणून पालकांनी दिलेली लेखी माहिती मुख्याध्यापकांच्या कपाटात न राहता स्वयंपाक करणाऱ्यांपर्यंत पोहोचणे आणि अशा मुलाचे अन्न कूट घालण्यापूर्वी, स्वच्छ पळीने वेगळे काढणे आवश्यक ठरते.

तीव्र प्रतिक्रियेत अंगावर गांधी, ओठांना सूज, उलट्या, घरघर किंवा भोवळ ही लक्षणे काही मिनिटांतही दिसतात. मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत ॲड्रेनॅलीनचे इंजेक्शन हा पहिला उपचार होय. खाजेची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. मुलाला चालवू नये, आडवे ठेवावे, दम लागत असल्यास बसवावे आणि तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.