खाऱ्या वाऱ्यातली मोटार आणि घरची अवजारे

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर येथे श्रीशंकराचे देवालय समुद्राला लगटून उभे आहे, आणि ज्या अनेक चित्पावन घराण्यांचे हे कुलदैवत, त्यांचे मुंबई-पुण्याकडील वंशज हल्ली स्वतःच्या मोटारीनेच दर्शनास येत असल्यामुळे, वेळणेश्वरच्या खाऱ्या वाऱ्याचा अंमल आता नारळी-पोफळींप्रमाणे मोटारींच्या पत्र्यावर आणि चाकांच्या नटांवरही चालतो. पाहुणे दोन दिवसांनी परत जातात. परंतु ज्यांची गाडी बारा महिने याच हवेत उभी असते, किंवा चाकरमान्यांची म्हणून शिमग्यापासून गणपतीपर्यंत घराच्या पडवीत नुसतीच पडून राहते, त्यांना लहानसहान दुरुस्तीसाठी दर वेळी शृंगारतळीहून किंवा गुहागरहून मिस्त्रीला बोलावणे परवडत नाही, आणि मोठा बाजार व रेल्वेस्थानक ज्या चिपळुणात, ते काही हाकेच्या अंतरावर नाही. अशा घरात अवजारांची थोडी बेगमी असावी हे कोणीही मान्य करील. वाद आहे तो ती कोणती असावीत याविषयी.

बाजारात शंभरावर नगांची एक प्लास्टिकची पेटी मिळते. उघडली की सारे जिन्नस आपापल्या खाचेत चकाकत बसलेले दिसतात आणि गिऱ्हाईक तेथेच विरघळते. पण लग्नात आलेल्या आहेराच्या भांड्यांप्रमाणे त्यातील बहुतेक नगांना आयुष्यभर हात लागत नाही, आणि ज्यांना लागतो त्यांचे पोलाद बऱ्याचदा असे मऊ असते की पहिल्याच गंजक्या नटावर त्यांची धार पडते. शहाण्या माणसाने अगोदर दुकानात न जाता एक दिवस गाडीचे बॉनेट उघडून आणि चाकाजवळ बसून, कोठे किती मिलिमीटरचा नट आहे याची फर्द तयार करावी. जपानी धाटणीच्या गाड्यांत १०, १२ आणि १४ ही मापे पदोपदी भेटतात, युरोपीय वळणाच्या गाड्यांत १३ हे माप हमखास डोके वर काढते, आणि चाकांचे नट गाडीगणिक १७, १९ किंवा २१ असतात. एवढी फर्द हाती आली की आठ-दहा पाने, तितक्याच गोट्या (सॉकेट), एक रॅचेट, एक चांगली पक्कड आणि सपाट व फुलीचे मिळून चार स्क्रू-ड्रायव्हर यांत घरचे बहुतेक काम भागते.

माळ्यावर वडिलोपार्जित पाने असतील तर ते मोहाने गाडीला लावू नयेत. ॲम्बॅसिडर ही मूळची विलायती मॉरिस ऑक्सफर्ड असल्याने तिच्या दिमतीस इंची पाने लागत. कुर्ल्याच्या कारखान्यातून पूर्वी निघणाऱ्या फियाटचे कूळ इटालियन, म्हणून ती मिलिमीटरची. आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती रस्त्यावर आल्यानंतर तर मिलिमीटरचेच राज्य झाले. अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे १२.७ मिलिमीटर. तो १२ च्या नटावर ढिला बसतो आणि १३ च्या नटावर मुळीच चढत नाही. गंमत अशी की रॅचेटचे चौकोनी टोक मात्र अजून इंचातच मोजतात, आणि जुने मिस्त्री त्याला इंचाच्या अष्टमांशाच्या हिशेबाने आजही चार सूत, तीन सूत असेच म्हणतात. चाकासाठी चार सुताचे आणि इंजिनाच्या अडचणीच्या जागांसाठी तीन सुताचे, अशी विभागणी पुरेशी आहे.

किनाऱ्यावर राहणाऱ्याने गोट्या घेताना जी गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी, ती दुकानदार सहसा सांगत नाही. गोटीच्या आत बोट फिरवून पाहिले तर काहींना सहा कोन लागतात, काहींना बारा. बारा कोनांची गोटी झटकन बसते खरी, पण ती नटाला कोपऱ्यांशीच धरते. आणि खाऱ्या हवेने नट गंजून आधीच त्याचे कोपरे झिजलेले असले, तर जोर लावताच ती घसरून उरलासुरला कोपराही गोल करून टाकते. सहा कोनांची गोटी नटाच्या सपाट बाजूंवर भार टाकते, म्हणून येथे तीच घ्यावी, आणि तिच्यावर क्रोम-व्हॅनेडियम पोलादाची खूण आहे की नाही हे पाहावे. नाशिकच्या सातपूरचा टपारिया कारखाना किंवा जालंधर-लुधियानाकडील जुने कारखाने यांचा सुटा माल विकत घेतला, तर एकेक नग जोडत वर्षभरात चांगला संच उभा राहतो. अडलेल्या नटावर गंज सोडवणारे तेल टाकून थोडा वेळ धीर धरावा, लांब दांडी लावून तो आधी किंचित आवळावा आणि मगच सोडवावा.

पडून राहिलेल्या गाडीत प्रथम मान टाकते ती बॅटरी. म्हणून स्वस्तातला एक मल्टीमीटर अवश्य असावा: स्वस्थ बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी, आणि १२ च्या खाली गेली तर तिला चार्जिंगची गरज आहे. टोकांवर निळसर-पांढरी भुकटी साचते, ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून वर व्हॅसलीन चोपडावे. ही टोके बहुधा १० च्या पान्याने सुटतात. सोडवताना ऋण टोक आधी, बसवताना शेवटी. हा नुसता शिरस्ता नव्हे. गाडीचा सारा सांगाडा ऋण टोकाला जोडलेला असल्याने, ते जोडलेले असताना धन टोकावर फिरणारा पाना चुकून शेजारच्या पत्र्याला टेकला तर ठिणग्यांचा वर्षाव होतो, आणि पाना हातात धरवत नाही इतका तापतो.

जॅकच्या बाबतीत मात्र कोकणातल्या माणसाला बजावूनच सांगितले पाहिजे. गाडीबरोबर येणारा कात्रीचा जॅक केवळ स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर कोणी गाडीखाली शिरू नये. खळ्यातली तांबडी माती पावसात मऊ होते आणि जॅकचा पाया तिच्यात तिरका रुततो, यासाठी खाली जाड फळी ठेवावी. परंतु घराच्या गडग्याशी जांभ्याचे चिरे रचलेले असतात म्हणून त्यांतले दोन ओढून गाडीखाली टेकू देण्याची जी रीत सर्रास दिसते, ती अत्यंत घातकी आहे, कारण जांभा सच्छिद्र दगड असून भिंतीत पसरलेला भार तो पिढ्यान्‌पिढ्या पेलत असला तरी एका बिंदूवर आलेल्या भाराने तो कधी भुगा होईल याचा नेम नसतो. खाली शिरण्याचे काम असेल तर लोखंडी घोड्या विकत घ्याव्यात, नाहीतर ते काम मिस्त्रीकडे सोपवावे.

उरलेल्यांपैकी हवा भरण्याचा छोटा पंप, हवेचा दाब मोजण्याचे साधन आणि ट्यूबलेस टायरच्या पंक्चरचा संच एवढे तातडीने घ्यावे. २०२० च्या नियमदुरुस्तीनंतर, टायरदाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चरचा संच असल्यास स्टेपनीविना गाडी विकण्याची मुभा झाल्याने तर विशेषच. टॉर्क रेंच पुढे कधीतरी घ्यावा, पण घेतला की चाकाचे नट पायाने दाबून आवळण्याची खोड मोडावी. ब्रेक, एअरबॅग आणि हायब्रिड गाडीतील नारिंगी तारा यांना घरच्या अवजारांनी हात लावू नये. जुने ऑइल वहाळात ओतू नये हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

काम झाल्यावर प्रत्येक पाना पुसून त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवावा. खोबरेल घरात मुबलक असले तरी ते खवट होऊन चिकटा धरते. कापडी गुंडाळी पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा बरा. गाडीतल्या डब्यात एक मजबूत दोरही ठेवावा, कारण पुळणीवर गाडी घालण्याचा उत्साह दरवर्षी कोणाला ना कोणाला होतो, चाके रुततात, आणि भरतीच्या वेळेपूर्वी ती बाहेर काढायला गावातला ट्रॅक्टरच लागतो. ट्रॅक्टरवाला दोर आणतो, पण तो भाड्यात धरून.