ट्रॉली रंगवताना श्वासाची काळजी



गळिताचा हंगाम तोंडावर आला की ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्या धुऊन-रंगवून निघतात. खंडेनवमीला हार घालायचा तर गाडी चकचकीत हवी, हे बरोबरच. पूर्वी ब्रशाने एनॅमल लागे. आता कंप्रेसर, स्प्रे गन आणि दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग आला. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. हा रंग उन्हापावसात टिकतो. परदेशात घरी विमान बांधणारे हौशी लोकही असाच रंग वापरतात. पण खरा धोका हार्डनरमध्ये आहे.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट जातीचे द्रव्य असते. १९८४ साली भोपाळला सुटलेला मिथाइल आयसोसायनेट वायू याच कुळातला. हार्डनर म्हणजे तो वायू नव्हे आणि तो तसा सहज उडतही नाही. पण गनमधून फवारला की बारीक तुषार छातीत खोल जातात. काहींना त्याने दमा जडतो. शरीराला एकदा त्याचे वावडे झाले की पुढे थोड्याशा तुषारानेही धाप लागते. पुष्कळदा काम करताना काहीच वाटत नाही. खोकला रात्री सुरू होतो आणि माणूस म्हणतो, हवा बदलली.

"टॉवेल बांधला की झालं," असे आपण म्हणतो. पण टॉवेल किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. कोळशाच्या डब्यांचा रबरी मास्क वाफ शोषतो. मात्र डबी संपली हे वासावरून वेळेवर कळत नाही. दाढी असली तर मास्क चेहऱ्याला नीट बसतही नाही. म्हणून खात्रीचा उपाय म्हणजे नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क. रंगाच्या साध्या कंप्रेसरची हवा त्याला जोडू नये. तिच्यात तेलाची वाफ येते, जवळच्या इंजिनाचा विषारी धूरही येऊ शकतो.

हे साधन नसेल तर हा रंग स्वतः फवारू नये. तशी सोय असलेल्या गॅरेजात काम द्यावे, नाही तर साधा एनॅमल उघड्यावर ब्रशाने लावावा. फवारणी चालू असता पोराबाळांना जवळ फिरकू देऊ नये. रंगकामानंतर धाप लागली तर डॉक्टरांना हार्डनरच्या डब्यावरचे नाव दाखवावे, आणि पुन्हा त्या कामाला हात लावू नये.

ट्रॉलीला रंग पुन्हा देता येतो. छातीचे तसे नाही.