बुटकी गाडी आणि शाळेपुढील उंचवटा

गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनाच्या दुपारीं आमच्या फाटकापुढें मोठा आवाज झाला. आमचा एक माजी विद्यार्थी नागपुराहून आपली दोन दरवाजांची, शर्यतीच्या बांध्याची लाल मोटार घेऊन आला होता. समृद्धी महामार्गावरून तो सुखानें आला. परंतु शाळेपुढच्या गतिरोधकावर गाडीचें पोट आपटलें, चेंबर फुटला आणि काळें तेल रस्त्यावर पसरलें. (इंजिनाखालीं तेल राहण्याचें जें भांडें असतें त्यास आपल्याकडील मिस्त्री चेंबर म्हणतात.) मुलें हंसलीं. कांहीं पालक म्हणाले, "असली बुटकी गाडी आणावीच कशाला?" आम्हीही मनांत तेंच म्हणालों. पुढें हातांत मोजपट्टी घेऊन पाहिलें, तेव्हां निम्मा दोष आमचा आहे असें दिसून आलें. तो कसा, हें येथें सांगावयाचें आहे.

गाडीच्या पोटाचा सर्वांत खालचा भाग व रस्ता यांमधील अंतरास ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात. ज्यांनीं पावसाळ्यानंतर पांदणीच्या वाटेनें बैलगाडी हांकली आहे त्यांस हा विषय नव्यानें शिकवावयास नको. काळ्या रेगुरींत चाकें रुतून दोन चाकोऱ्या पडतात, मध्यें मातीचा वरंबा उभा राहतो, आणि गाडीचा आंस त्या वरंब्याच्या वर असला तरच बैल पुढें जातात. बैलगाडीचें चाक मोठें तें उगीच नव्हे. १९०८ सालीं अमेरिकेंत फोर्डची 'मॉडेल टी' निघाली, तीही अशाच शेतवाटांचा विचार करून उंच ठेविलेली होती.

मग कोणी आपली गाडी मुद्दाम खालीं कां आणतो? हौस हें एक कारण खरें, पण तें एकच नव्हे. हिंगणघाटच्या बाजारास निघालेली, कापसानें शिगोशीग भरलेली गाडी वळणावर कलंडतांना आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. गुरुत्वमध्य जितका उंच, तितकी गाडी उलटण्यास सोपी. शर्यतीच्या गाडीस वळणें वेगानें घ्यावयाचीं असतात, म्हणून तिचा गुरुत्वमध्य जमिनीलगत आणतात. शिवाय पोटाखालून वेगानें जाणाऱ्या हवेचा दाब कमी होऊन गाडी रस्त्याकडे ओढली जाते व चाकांची पकड वाढते. फॉर्म्युला वन शर्यतींत हा लोभ इतका वाढला कीं १९९४ पासून प्रत्येक गाडीच्या पोटाखालीं १० मिलीमीटर जाडीची फळी लावण्याचा नियम करावा लागला. ती एक मिलीमीटरहून अधिक झिजली तर चालक बाद. २०२३ सालीं अमेरिकेंतील ऑस्टिन येथें लुईस हॅमिल्टन व शार्ल लक्लेर हे दोघेही याच कारणानें बाद झाले. पण तो रस्ता शर्यतीचा. आपल्या देशांतील रस्ते ओळखून दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीनें २०१२ च्या दिल्लीच्या प्रदर्शनांत मांडलेल्या 'अवंती' या शर्यती बांध्याच्या गाडीचें अंतर १७० मिलीमीटर ठेविलें होतें. तें शहाणपण आम्हांस मानावेंसें वाटतें.

छापील आंकडा वाचतांना एक गोष्ट विसरूं नये. जुलै २०२३ मध्यें जीएसटी परिषदेनें मोठ्या गाड्यांवरील उपकरासाठीं १७० मिलीमीटरचें अंतर रिकाम्या गाडीचें धरावें असें स्पष्ट केलें. करापुरतें तें ठीक. खड्डा मात्र भरलेली गाडी मोजतो. समजा, मागच्या दोन स्प्रिंगा मिळून एक मिलीमीटर दबण्यास पांच किलो भार लागतो. मागच्या चाकांवर दोनशें किलोंचें ओझें आलें कीं गाडी तेथें ४० मिलीमीटर खालीं बसली. आमच्या विद्यार्थ्याची गाडी मुळांत १३० मिलीमीटर होती. त्यानें स्प्रिंगा कापवून ती ९० वर आणली, आणि त्या दिवशीं सोबत तिघे मित्र होते. फाटकापाशीं पोहोंचेपर्यंत पोटाखालीं ६० उरले असावेत.

स्प्रिंग कापणें हा गाडी खालावण्याचा सर्वांत वाईट मार्ग होय. आठ वेढ्यांच्या स्प्रिंगेचे दोन वेढे कापले तर उरलेली स्प्रिंग सहास आठ या प्रमाणांत, म्हणजे सुमारें एक-तृतीयांशानें, अधिक ताठ होते. गाडी हाडें खिळखिळीं करूं लागते. चाक खड्ड्यांत लोंबकळलें कीं आंखूड झालेली स्प्रिंग आपल्या बैठकींतून निसटूं शकते. शॉक अॅब्सॉर्बर, ज्यास मिस्त्री शॉकअप म्हणतात, तो आपल्या हालचालीच्या शेवटास जाऊन आदळतो. टायर आंतल्या कडेनें झिजतात. कायदाही येथें आडवा येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, निर्मात्यानें मूळ नमूद केलेल्या तपशिलांशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं, आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हें कलम कडकपणें लावलें.

आतां आमचा दोष. कांहीं वर्षांपूर्वीं शाळा सुटतांना पांचवींतील एका मुलास भरधाव मोटारसायकलीनें धडक दिली व त्याचा पाय मोडला. आठ दिवसांच्या आंत पालक व शिक्षक यांनीं मिळून, खडी व डांबर आणून, रस्त्यावर एक उंचवटा घातला. माप कोणीं घेतलें नाहीं. रागाच्या भरांत मापें सुचत नाहींत. संमेलनानंतर मोजला तेव्हां तो ७५ सेंटिमीटर रुंद व १६ सेंटिमीटर उंच भरला. त्याच्या माथ्यावर असंख्य रेघा होत्या, त्या घांसून गेलेल्या गाड्यांच्या. आम्ही रोज त्यांवरून चालत होतों. त्या वाचल्या मात्र कधीं नाहींत. लेंकरूं मांडीवर घेऊन स्कूटरवर मागें बसणाऱ्या माउल्यांस तेथें काय सोसावें लागत असेल, हेंही तेव्हांच मनांत आलें.

अरुंद उंचवट्याची अडचण अशी कीं पुढचीं चाकें उतरून सपाट रस्त्यावर येतात, मागचीं अजून चढलेलीं नसतात, आणि मधला उंचवटा सबंध १६ सेंटिमीटरांनीं पोटांत शिरूं पाहतो. १५० मिलीमीटरची घरगुती गाडीही तेथें घांसणारच. उलट, इंडियन रोड्स काँग्रेसनें १९८८ सालच्या आपल्या मार्गदर्शिकेंत गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच व १७ मीटर त्रिज्येच्या कंसाचा सांगितला आहे. त्यावर चारही चाकें एकाच वेळीं चढलेलीं असतात व सारी गाडीच वर उचलली जाते. पुढच्या-मागच्या चाकांत २.५ मीटर अंतर धरिलें तर पोटांत शिरणारा भाग किती? दहावीच्या मुलांनीं वर्तुळाच्या छेदणाऱ्या जीवांचा सिद्धान्त आठवावा. १.२५ चा वर्ग सुमारें १.५६, त्यास व्यासानें, म्हणजे ३४ नें, भागा. उत्तर ४६ मिलीमीटर येतें. म्हणजे ६० वर बसलेल्या त्या लाल गाडीचें पोटही, हळू गेली असतां, वांचलें असतें! नाकाचा हिशेब निराळा: पुढच्या चाकाच्या ९० सेंटिमीटर पुढें आलेली बंपराची कड रस्त्यापासून ७४ मिलीमीटर तरी वर हवी, नाहीं तर चढावरच टेकेल.

हे आंकडे पालकसभेपुढें ठेविले तेव्हां एका पालकांनीं आम्हांस चांगलेंच अडविलें. "गुरुजी, तुमचा रुंद उंचवटा गाड्यांस सुखाचा होईल; पण मोटारसायकली थांबतील काय? ज्याचा पाय मोडला तो माझा पोरगा." प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर ब्रिटनमधील रस्ते-संशोधन प्रयोगशाळेंत १९७० च्या दशकाच्या आरंभीं वॉट्स नांवाच्या संशोधकानें शोधलें, ३.७ मीटरांचा आकार त्याच कामांतून आला. अरुंद उंचवट्यावरून अति वेगानें गेल्यास स्प्रिंगा व टायर तो गिळून टाकतात, बसणाऱ्यास धक्का उलट कमी लागतो. रुंद उंचवट्यावर मात्र जितका वेग अधिक तितका धक्का अधिक. सोसवेल असा वेग ताशीं २५ किलोमीटरांच्या आसपास. आमच्या जुन्या उंचवट्याची कडेची बाजू फुटली होती आणि मोटारसायकली तेथूनच सुसाट जात, हें त्या पालकांनींच पुढें सांगितलें. ते आमच्या बाजूस आले.

ज्यांच्याकडे खालावलेली गाडी आहेच, त्यांनीं काय करावें? पहिला उपाय अर्थात् मूळ लांबीच्या स्प्रिंगा परत घालणें. तोंवर अवघड जागीं माणसें उतरवावीं. उंचवट्यापूर्वीं वेग पुरता कमी करून ऐन चढावर ब्रेक सोडून द्यावा, कारण ब्रेक दाबलेला असतांना गाडी नाक खुपसते. तिरकी गाडी घातल्यास चाकें एकेक चढतात व पोट कांहींसें वांचतें; परंतु तसें करतांना आपण समोरच्याच्या वाटेंत शिरतों, हें पाहावें. चेंबराखालीं लोखंडी गार्ड लावल्यास तो फुटत नाहीं, पण गार्डाची जाडी अंतरांतून वजा होते. मोठे टायर घातले तर व्यासांत झालेल्या वाढीच्या निम्मीच उंची मिळते, आणि वेगदर्शक कांटा खऱ्याहून कमी वेग दाखवूं लागतो. श्रीमंतांचे उपाय श्रीमंत: १९५५ च्या सित्रोएन डीएस गाडीची उंची चालक बसल्या जागीं बदलूं शके, आणि आजच्या पोर्शे ९११ मध्यें कळ दाबतांच नाक सुमारें ४० मिलीमीटर वर उचलणारी सोय जादा पैसे देऊन मिळते.

ग्रामपंचायतीची संमति घेऊन आम्हीं उन्हाळ्याच्या सुट्टींत जुना उंचवटा खणून काढिला. नव्याचा सांचा नववीच्या मुलांनीं केला. १७ मीटरचा दोर घेऊन एक टोक मैदानांत खुंटीस बांधलें, दुसऱ्या टोकास खिळा लावून जमिनीवर कंस ओढला, आणि त्या कंसावर फळ्या ठेवून सुतारानें त्या कापून दिल्या. दोनही टोकांमध्यें सुतळी ताणून मध्यें उंची मोजली ती दहा सेंटिमीटर भरली, तेव्हां मुलांनीं टाळ्या वाजविल्या. डांबर घालतेवेळीं मिस्त्री प्रथम सांच्याकडे पाहून हंसला. मग त्यानेंच तो तीनदां लावून पाहिला. पांढरे पट्टे व अलीकडे सूचनाफलक, हीं दोन्ही कामें जून उजाडण्यापूर्वीं झालीं.

यंदाच्या संमेलनास तो विद्यार्थी आला, मूळ स्प्रिंगा घालून. उंचवट्यावरून गाडी नेली, परत फिरविली, आणि खालीं उतरून वांकून पाहिली. सांचा हल्लीं शाळेच्या कोठारांत असतो. शेजारच्या गांवच्या सरपंचांनीं तो मध्यंतरीं मागून नेला होता; परत आला तेव्हां त्याच्या एका टोकास डांबर लागलेलें होतें.