ऑक्सिमीटरचा आकडा : विश्वास कधी ठेवायचा?



कोरोनाच्या काळात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर गावोगाव पोचला. आता कुणाला दम लागला की आपण आधी तेच शोधतो. चांगलंच आहे. पण आकडा कुठे आणि कसा घेतला, हेही बघायला हवं.

हे यंत्र रक्त काढत नाही. लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, असा दोन प्रकारचा प्रकाश ते बोटातून सोडतं. आरपार किती आला, त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज बांधतं. म्हणून प्रकाशात किंवा बोटातल्या रक्तप्रवाहात अडथळा आला की आकडा चुकतो.

थंडी-पाणी : भातलावणी करून किंवा धुणं धुऊन आलं की बोटं गार पडतात. रक्त बोटापर्यंत कमी पोचतं. आकडा चुकतो, नाहीतर येतच नाही. हात पुसा, चोळून गरम करा, मग लावा.

ऊन : कडक उजेड सेन्सरला गोंधळात टाकतो. सावलीत बसा, बोटावर पदर धरा.

नखं : गडद नेलपॉलिश पुसा. काळी मेंदी असेल तर बिनमेंदीचं बोट निवडा.

हालचाल : शेतातून आल्या आल्या मोजू नका. पाच मिनिटं बसा. हात हलवू नका. आकडा स्थिर झाला की मगच वहीत लिहा.

धूर : हे नीट लक्षात ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो. तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो, पण यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असतानाही 98 दिसू शकतं! बाळंतिणीला शेक देताना दार-खिडकी उघडी ठेवा. डोकं दुखलं, चक्कर, मळमळ आली तर आकडा न बघता आई-बाळाला मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा.

यंत्र तपासायची सोपी युक्ती : ते नाडीचे ठोकेही दाखवतं. मनगटावर एक मिनिट नाडी मोजा. दोन्हींत मोठा फरक असेल तर ऑक्सिजनच्या आकड्यावरही विसंबू नका. सेल बदला, दुसऱ्या बोटावर पुन्हा मोजा.

साधारण 95 ते 100 आकडा चांगला. पुन्हा मोजूनही 94 किंवा कमी आला तर आशाताईंना कळवा, डॉक्टरांना दाखवा. 90 च्या खाली गेला तर वेळ न घालवता 108 ला फोन करा. चांगलं यंत्रही दोन-तीन आकडे इकडेतिकडे दाखवू शकतं. सावळ्या, काळ्या त्वचेवर तर कधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं.

म्हणून बायांनो, आकडा चांगला पण माणूस धापा टाकतोय, ओठ निळे पडलेत, तर यंत्र बाजूला ठेवा आणि माणसाकडे बघा.